घरफाळ्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

रंकाळाकर, नमस्कार. कोल्हापुरातल्या घरफाळ्याच्या (म्हणजे मालमत्ता कराच्या) वाढीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘महापालिकेकडे पैसा बख्खळ आहे, खाणारे बंद करा, घरफाळा वाढवायची गरजच नाही. टोल हाकलला तशी ही वाढही हाकलू. तुम्ही प्रशासनाची वकिली थांबवा.’

खाणाऱ्यांबद्दल आपलं भांडण नाही. टक्केवारी हा शब्द मीही आज पहिल्यांदा ऐकत नाही. पण उद्या सगळे धुतल्या तांदळासारखे झाले तरी तिजोरी भरणार नाही, कारण तिची किल्ली मुंबईत आहे. जकात होती तोवर शहरात माल आला की पैसा नाक्यावरच जमायचा. (नाक्यावरच्या भानगडी आठवतात, ती परत आणा असं म्हणत नाही.) मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, 2017 ला जीएसटी. आता बुडालेल्या कराची भरपाई राज्य सरकार दरमहा देतं, कायद्याने वर्षाला 8 टक्के वाढ धरून. शहरातला धंदा दुप्पट झाला तरी तेवढीच. देशभरातल्या नगरपालिका-महापालिकांचं उत्पन्न मिळून जीडीपीच्या 1 टक्क्याच्या आसपास आहे, ते उगाच नाही.

थेट पाइपलाइनचंच बघा. काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं, योजनेचा बहुतेक पैसा केंद्र-राज्याचा. पण जॅकवेलमधल्या (धरणाकाठच्या उपसा विहिरीतल्या) पंपांचं वीजबिल, जळालेली मोटर, गळती काढणं, हे कुणाच्या अनुदानात बसत नाही. वीजबिलाचं उद्घाटन करता येत नाही ना! ते पाणीपट्टीतूनच निघायला पाहिजे, आणि पाणीपट्टी वाढवतो म्हटलं की विरोधाला नागरिकांची कृती समिती उभी.

टोलविरोधी मोर्चात मीही होतो. पण टोल गेला तेव्हा रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे सरकारने भागवले, रस्ता काही फुकट झाला नाही. आणि हद्दवाढ? 1972 ला महापालिका झाली, पुढे पन्नास वर्षं हद्द इंचभर हलली नाही. शहराला लागून असलेल्या पाचगाव, उचगावची माणसं कामाला शहरात येतात, फाळा तिकडे ग्रामपंचायतीत भरतात. त्यांना दोष देत नाही. आपल्या उपनगरांतले रस्ते बघून कोण हौसेनं आत येईल?

वाढीआधी थकबाकीची वसुली हवी, हे मात्र मलाही शंभर टक्के मान्य. थकबाकीदारांना दंडव्याजात सवलत जाहीर होते आणि वेळेवर भरणारा येडा ठरतो. मोठ्या थकबाकीदारांची वॉर्डनिहाय यादी लावा, सरकारी कार्यालयांसकट, असं निवेदन तुम्ही देणार असाल तर माझी सही धरा.