‘आज रात्री फोन बंद ठेवा’ या संदेशाला उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश पुन्हा आला. आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळेत वैश्विक किरण पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, त्यांचा किरणोत्सर्ग शरीराला घातक, तेव्हा मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा. खात्री हवी तर नासा आणि बीबीसी बघा. गेली कित्येक वर्षं हा मजकूर फिरतोय. या वेळी आईने तो वाचून फोन बंद केला आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. ती एकटी राहते, तिला रक्तदाबाचा त्रास आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितेय.

आधी वेळ. ‘आज रात्री’ म्हणजे कुठल्या तारखेची, हे संदेशात कुठेच नाही, त्यामुळे तो कधीही पाठवला तरी ताजाच वाटतो. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, तर चोवीस तास येतच असतात. ते वातावरणावर आदळून तयार होणारे म्युऑन कण, हे वाचतानासुद्धा, सेकंदाला एखाददुसरा या हिशेबाने तुमच्या तळहातातून आरपार जातायत. अचानक येतात ते गॅमा किरणांचे, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे, स्फोट. एखादा महाकाय तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा ते होतात. हे किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात. त्यांना मागे टाकून त्यांची वर्दी घेऊन येईल असं विश्वात काहीच नाही.

नासाची स्विफ्ट दुर्बीण २००४ साली अवकाशात गेली ती हे ओळखूनच. आकाशाच्या साधारण सहाव्या हिश्शावर तिची एका वेळी नजर असते. तिच्या शोधकाच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या उपकरणाच्या, वर शिशाच्या पन्नास हजारांहून जास्त तुकड्यांची जाळी आहे. गॅमा किरण आले की त्या जाळीची सावली शोधकावर पडते आणि सावलीच्या ठेवणीवरून किरण कुठून आले ते कळतं. भिंगाने गोळा करता न येणारे किरण सावलीवरून पकडायचे, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. मग जमिनीवरच्या हुकमाची वाट न बघता दुर्बीण आपणहून वळते, साधारण दीड मिनिटात आपल्यावरची क्ष-किरण दुर्बीण त्या जागेवर रोखते आणि ठिकाण जगभरच्या वेधशाळांना कळवते. एवढी घाई अशासाठी की स्फोट अनेकदा काही सेकंदांतच आटोपतो आणि मागे राहिलेली धग भराभर विझत जाते.

आता ‘घातक’ या शब्दाकडे येऊ. ९ ऑक्टोबर २०२२ ला कोजागिरी होती. त्या संध्याकाळी आपल्या घड्याळात ६.४७ वाजता, आजवर नोंदलेल्यांतला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर पोचला, सुमारे १९० कोटी वर्षांचा प्रवास करून. तो आला शर तारकासमूहाच्या दिशेने आणि आकाशाचा तो भाग त्या क्षणी पुण्याच्या जवळजवळ थेट डोक्यावर होता. नासाच्या फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाने तो नोंदला. स्विफ्टच्या नजरेत तो भाग तेव्हा नव्हता. तिला सुमारे ५३ मिनिटांनी फक्त धग दिसली, आणि तीही इतकी प्रखर की आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असेल असं आधी वाटलं. आदल्या दिवशी कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. गच्च्यांवर कोजागिरीची तयारी चालली होती, फोन हातात होते, आणि कुणाला काहीही झालं नाही.

वर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, मात्र खळबळ उडाली, उपकरणांनी ती नोंदली. घातक असं काही खाली पोचलं नाही, कारण आपल्या डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर खोल पाण्याएवढी आहे आणि गॅमा किरण तीत वरच्या वर अडतात. स्विफ्टला अवकाशात पाठवावं लागलं ते याच कारणाने.

आगाऊ इशारा देता येतो तो सौर वादळाचा. सूर्यावरून निघालेलं द्रव्य प्रकाशापेक्षा खूप सावकाश येतं, साधारण एक ते तीन दिवसांत. पण तो इशारा उपग्रह, वीजवाहिन्या आणि रेडिओ संपर्क सांभाळणाऱ्यांसाठी असतो, उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्यांसाठी नसतो.

‘नासा बघा’ म्हणता, तर खरंच बघा. स्फोटांच्या सूचना नासा सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. त्यांत घडून गेलेल्या स्फोटाची वेळ आणि ठिकाण असतं. त्यावरूनच लडाखमधल्या हानलेची दुर्बीण वळते, आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही अशा स्फोटांची रेडिओ धग टिपली आहे.

राहिला फोन. तो रेडिओ लहरींवर चालतो. गॅमा किरण ओढून घेण्याचा कुठलाही गुण त्यात नाही. बंद केला काय, चालू ठेवला काय, आकाशातून येणाऱ्या कणांना त्याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो रात्री दोनला कुणाला तरी हाक मारायची वेळ आली तर. आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिचा फोन आता पुन्हा उशाशी आहे, घंटी चालू ठेवून.