एरर घालवणाऱ्या पाच ओळी आणि त्यांच्याबरोबर काय काय जातं

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: सर्किट संगणकावर चालवून पाहताना, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ (समीकरणांना एकच ठरलेलं उत्तर नाही) किंवा ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ (वेळेचं पाऊल कितीही लहान केलं तरी उत्तर जमत नाही) अशी एरर आली तर तो सॉफ्टवेअरचा हट्टीपणा समजा. रेलटॉल (चालवून घ्यायची सापेक्ष चूक) ०.०१ करा, जीमिन (जंक्शनला समांतर धरलेली बारीकशी वाहकता) हजारपट वाढवा, आयटीएल ४ (वेळेच्या एका पावलात किती वेळा अंदाज सुधारायचा ती मर्यादा) वाढवा, इंटिग्रेशनची, म्हणजे वेळेत पुढे सरकत हिशेब करण्याची, पद्धत गिअर ठेवा आणि प्रत्येक नोडपासून (सर्किटमधल्या जोडबिंदूपासून) ग्राउंडला ‘१एम’चा रेझिस्टर लावा. सिम्युलेशन रन झालं की सर्किट बरोबर.

यातला रेझिस्टरचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेतो. सिम्युलेटर एलटीस्पाइस असो की एनजीस्पाइस, व्हॅल्यूपुढचा ‘एम’ म्हणजे मिली. अक्षर कॅपिटल असो वा स्मॉल. मेगा हवा असेल तर ‘मेग’ असं पूर्ण लिहावं लागतं. म्हणजे हा सल्ला शब्दशः पाळणारा विद्यार्थी प्रत्येक नोड एक मिलीओहमने ग्राउंडला शॉर्ट करून मोकळा होतो. ५ व्होल्टच्या सप्लायमधून त्या एका रेझिस्टरमध्ये ५,००० अँपिअर वाहतात आणि सिम्युलेटर हूं की चूं करत नाही, कारण गणितात काहीच चुकलेलं नसतं.

बरं, ‘मेग’ नीट लिहिलं तरी सगळीकडे रेझिस्टर कशाला? सिंग्युलर मॅट्रिक्स येण्याची कारणं मोजकी आहेत. सिरीजमधल्या दोन कपॅसिटरच्या मधल्या नोडला ग्राउंडकडे जाणारी डीसी वाट नसते, मग त्याचा व्होल्टेज ठरवायचा कशावरून? तिथे, आणि फक्त तिथे, १ गिगाओहम लावला की काम होतं. पण दोन आदर्श व्होल्टेज सोर्स पॅरललमध्ये आले असतील तर ग्राउंडला शंभर रेझिस्टर लावूनही उपयोग नाही. त्या लूपमध्ये सिरीजला थोडा रेझिस्टन्स घालावा लागतो. एकच एरर, पण उपाय एकमेकांच्या उलट. सरसकट उपाय इथेच फसतो.

‘सॉफ्टवेअरचा हट्टीपणा’ हे म्हणणंही मला मुळीच पटत नाही. या सिम्युलेटरांचा पूर्वज स्पाइस १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली घडवलं. एनजीस्पाइस त्याच घराण्यातलं, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाच्या ईसिम या सर्किट-डिझाइन सॉफ्टवेअरच्या पोटातही एनजीस्पाइसच चालतं. हा सिम्युलेटर न्यूटन-रॅफसन पद्धतीने अंदाज सुधारत जातो. जमलं नाही तर आपण न सांगता जीमिन स्टेपिंग, सोर्स स्टेपिंग करून पाहतो. एवढं करूनही जेव्हा तो थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा नाव घेऊन थांबतो. एलटीस्पाइसमध्ये कंट्रोल-एल दाबा, लॉगमध्ये ‘ट्रबल विथ नोड एन००३’ अशी ओळ दिसेल. स्कीमॅटिकमध्ये एन००३ शोधा. बऱ्याचदा तो मॉसफेटचा (स्विच म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरचा) ड्रेन निघतो: इंडक्टरचा करंट आदर्श स्विचने एका क्षणात तोडलेला, त्या करंटला वाट देणारा फ्रीव्हीलिंग डायोड उलटा लागलेला किंवा नाहीच. खऱ्या बोर्डावर तिथे मॉसफेट उडाला असता. आधी डायोड सरळ करा, पल्सचा राइज टाइम १० नॅनोसेकंदांसारखा वास्तवातला द्या. टॉलरन्सला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

आता रेलटॉल. मूळ किंमत ०.००१. ५ व्होल्टच्या नोडवर लागोपाठच्या दोन अंदाजांत साधारण ५ मिलिव्होल्टचा फरक उरला की सिम्युलेटर समाधानी होतो. ०.०१ केलंत की ५० मिलिव्होल्ट चालतात. तुम्ही बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचा) २० मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे आउटपुटवरचा चढउतार, मोजायला बसला असाल, तर जी गोष्ट पाहायची तीच चाळणीतून गळून जायची सोय तुम्ही करून ठेवलीत.

जीमिनचंही तसंच. मूळ किमतीला प्रत्येक पीएन जंक्शनला समांतर १ टेराओहम असतो. हजारपट वाढवल्यावर तो १ गिगाओहम होतो. ५ व्होल्ट रिव्हर्स बायसला ५ पिकोअँपिअरऐवजी ५ नॅनोअँपिअर गळती. मोटर ड्रायव्हरला याने काही होत नाही. पण फोटोडायोडचा अँप्लिफायर करणाऱ्याला सिग्नलच नॅनोअँपिअरमध्ये मोजायचा असतो! त्याचं उत्तर पूर्ण बिघडतं आणि स्क्रीनवर वक्र मात्र गुळगुळीत दिसतो.

आयटीएल ४ वाढवल्याने फारसं नुकसान नाही, वेळ जातो इतकंच. गिअर जपून वापरा. इंटिग्रेशनच्या ट्रॅपेझॉइडल पद्धतीत कधीकधी उगवणारं खोटं रिंगिंग (वक्रावरची थरथर) तो दाबतो हे खरं, पण खरं रिंगिंगही दाबू शकतो, आणि त्याच भरवशावर स्नबर (स्पाइक दाबणारं सर्किट) ठरवला तर बोर्डावर स्पाइक वेगळाच दिसेल.

राहिलं ‘रन झालं म्हणजे बरोबर’. ब्रिज रेक्टिफायर काढा, २३० व्होल्टच्या सोर्सचं एक टोक ग्राउंड करा आणि आउटपुटचं निगेटिव्हही ग्राउंड करा. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक सर्रास होते. एक डायोड शॉर्ट होतो, आणि सोर्सचं दुसरं टोक निगेटिव्ह झालं की शेजारचा डायोड ३२५ व्होल्टचा पीक थेट ग्राउंडवर घेतो. डायोडच्या मॉडेलमधला सिरीज रेझिस्टन्स ओहमच्या काही शतांशांइतका, त्यामुळे करंट हजारो अँपिअर. एरर एकही नाही. आउटपुटला डीसीही दिसतो, म्हणून डायोडचा करंट कुणी पाहतच नाही.

टॉलरन्स कधीच बदलू नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. शेकडो अँपिअरच्या इन्व्हर्टरमध्ये १ पिकोअँपिअरचा एबीएसटॉल (करंटमध्ये चालवून घ्यायची चूक) धरून बसण्यात अर्थ नाही. तिथे तो मायक्रोअँपिअरपर्यंत नेणं योग्यच. फक्त बदल केल्यावर तेच सिम्युलेशन दहापट कडक रेलटॉलने एकदा चालवा आणि दोन्ही वक्र एकावर एक ठेवा. ते जुळले नाहीत तर पहिल्या वक्रावरचा एकही आकडा रिपोर्टमध्ये घेऊ नका.