झाड बापयो निघाला

दहापैकी दोन. आंब्याचं कलम बांधण्याच्या परीक्षेत मला मिळालेले हे मार्क अजून घशाखाली उतरत नाहीयेत. मी बी.कॉम.ची, पण नव्या धोरणात दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो, आणि जागा शिल्लक होत्या त्या फक्त उद्यानविद्येच्या प्राथमिक ओळखीत. कोकणातल्या पोरीला झाडं शिकायला कॉलेज कशाला, असं घरी सगळे म्हणाले. त्यातल्या एकानंही जन्मात कलम बांधलेलं नाही.

परीक्षा कोय कलमाची. कोय रुजून आलेलं तांबूस पानांचं रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची, साल सालीला भिडवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. आमच्या रोपवाटिकेची शेड गळत होती, बोटं चिकानं बरबटली होती, पट्टी अर्धी गुंडाळून झाली होती. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला.

"गो चेडवा, भिरंडीचा झाड हयसूनच दितत मां?"

डोक्यावर खोळ, काखेत छत्री आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली भिरंडीची, म्हणजे कोकमाची, एक सुकलेली डहाळी. पुरावा!

"सात वर्सां पाणी घातलंय. गुदस्ता फुलां इली, म्हातारीन देवाक नारळ ठेवल्यान. औंदा परत इली. भिरंड बघशीत तर एक नाय! शेजारी म्हणता, तुझा झाड बापयो निघाला."

"काका, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नरच निघतात. फुलं येईपर्यंत कळत नाही."

"मगे इकताना सांगूक नको?"

"विकणाऱ्यालाही कळत नाही हो."

"डाक्टराक कळता. पण सांगूक बंदी आसा, बोर्ड वाचलंय मी. तो कायदो झाडांकय लागलो काय?"

यावर काय बोलणार? मी पट्टीचा एक वेढा घेतला.

"तर माका बदलून दे."

"मी देऊ?"

"पांढरो डगलो कोणाच्या आंगात आसा?"

त्यांनी जावं म्हणून मी वर्गात ऐकलेलं सगळं ओतलं. नरही लागतो काका, दहा झाडांत एखादा तरी हवाच, त्याच्या परागावर आजूबाजूच्या माद्यांना फळ धरतं. काका गप्प झाले. डहाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे शेजाऱ्याची भिरंडां माझ्या झाडान धरल्यान?"

"तसं... असू शकतं."

"तरीच मेल्याच्या अंगणात सुपां भरून सोलां सुकतत! पाणी माझा, शेण माझा, आणि आगळ तेच्या घरात! ह्यां कागदार लिवन दे बघू. शिक्को मार. अर्धी सोलां मी घेतल्याशिवाय ऱ्हवचंय नाय."

शिक्का माझ्याकडे नाही हे पटवण्यात आणखी वेळ गेला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कलमावर पडली. "आणि हो बापयो काय बाईल?" आंब्याच्या एकाच मोहोरात नर फुलं असतात आणि उभयलिंगीही, एवढं मी बोलून संपवते तोवर काकांनी काडी चिमटीत धरून वर ओढली होती. काडी त्यांच्या हातात. बाहेरून आलेले परीक्षक समोर.

"सांधा सैल," त्यांनी लिहिलं. आणि वर, "परीक्षेला नातेवाइकांना आणू नये."

जर्नलला मात्र पैकीच्या पैकी. तपकिरी कव्हर आणि पाठ केलेल्या सनावळ्या. कृषी विद्यापीठाचा रत्ना आंबा 1981 चा, नीलम आणि हापूसच्या संकरातला. सिंधू 1992 चा, रत्ना आणि पुन्हा हापूसच्या संकरातला. म्हणजे सिंधूचा आजोबा हापूस आणि बापही हापूस. आमच्याकडे असं लग्न नुसतं सुचवलं तरी भावकीची बैठक बसेल. त्यात सिंधूची कोय अगदी पातळ, आणि आम्ही घोकतोय कोय कलम. हे लिहिलं की मार्क. आमच्या रोपवाटिकेत रोजावर येणाऱ्या काकी गप्पा मारता मारता टोपलीभर कलमं बांधतात आणि ती जगतातही. त्यांना ना क्रेडिट, ना सर्टिफिकेट. पाऊस जास्त झाला की त्या दिवसाचा रोजही बुडतो. परीक्षेसाठीची रोपं आणि काड्या त्यांनीच तयार करून ठेवल्या होत्या. परीक्षकांनी त्यांच्याकडे फक्त चहा मागितला.

काकांना शेवटी सरांनी भिरंडीचं कलम दिलं. मादीच्या झाडाची काडी बांधलेलं, म्हणजे मादीच निघणार. काकांनी पैसे कमी करायला लावले आणि पावती मागून घेतली. पावतीवर शिक्का होता. तो दोनदा निरखून काका घाईघाईनं निघाले, कलम शेडमध्येच विसरून.

मी सरांकडे फेरपरीक्षा मागितली. म्हणाले, कोय कलमाचा हंगाम संपत आला, आता पुढच्या पावसाळ्यात बघू.