लग्नाचा सिनेमा

"लग्नाचा आहे ना, मग हाच लाव," आत्या म्हणाली आणि विषय संपला. नावात 'वेडिंग' आहे, एवढं तिला पुरेसं होतं. 'अमेरिकन वेडिंग' (२००३) हा 'अमेरिकन पाय' या चावट विनोदी सिनेमाचा तिसरा भाग आहे, हे तिला सांगणार कसं? पुढचा प्रश्न ठरलेला : तुला रे कसं माहीत?

आत्याला इंग्रजी ऐकून समजत नाही, वाचून समजतं. म्हणून खाली येणारी अक्षरं ती मोठ्यांदा वाचते. निवृत्त शिक्षिका असल्यामुळे खणखणीत, स्वल्पविरामांसकट.

सुरुवातीलाच जिम मिशेलला मागणी घालायला हॉटेलात बसतो. अंगठी राहिलीय, वडील घेऊन निघालेत. तोवर वेळ काढायला तो काहीबाही बोलतो, मिशेल भलताच अर्थ काढते आणि टेबलाखाली शिरते.

"खाली काय शोधतेय ही?"

"अंगठी पडली असेल," बाबा म्हणाले. एवढ्या चपळाईने त्यांनी आजवर कशाचंच उत्तर दिलेलं नाही.

"अंगठी तर बापाकडे आहे!"

मला तहान लागली. असल्या सिनेमात तहान फार लागते. आईला गॅस बंद केलाय का ते बघायचं होतं, तेही तिसऱ्यांदा.

खरा छळ वेगळाच. युजीन लेव्हीने रंगवलेला जिमचा बाप. मुलगा कुठल्याही अवस्थेत सापडो, हा गृहस्थ त्याच्याशी प्रेमाने, मुद्देसूद बोलतो. नागडेपणा एक वेळ सोसवेल, हा समजूतदारपणा सोसवत नाही. तो बोलू लागला की मी आणि बाबा पंख्याकडे बघतो. आमच्याकडे या विषयावर जे काही बोलायचं ते रिमोट बोलतो.

कुत्रा अंगठी गिळतो, त्यापायी जिमच्या मित्राच्या, स्टिफलरच्या तोंडात काय जातं ते लिहीत नाही. आत्या डोळे पुसत हसली. पण त्याच्याच हातून वीज बंद होऊन लग्नाची फुलं कोमेजली, तेव्हा मात्र ती भडकली. "बाकीचं सगळं एक वेळ चालेल, पण कार्यात असला निष्काळजीपणा?"

बाकीचं सगळं! म्हणजे टेबलाखालचंही कळलं होतं तर.

लग्न लागलं. आत्याने चष्मा पुसून पडद्यावर आणखी काहीतरी वाचलं. "याच्या आधीचे दोन आहेत म्हणे. उद्या पहिला लाव, यांचं जमलं कसं ते बघू."

बाबांना उद्या बँकेत काम निघालंय. उद्या रविवार आहे.