सर, 'गॅलरी' खोडली. रस्ता मात्र ठेवला आहे

सर, नमस्कार. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली' असं लिहिलंत, म्हणून सरच म्हणते.

माझ्या प्रवासलेखावर तुम्ही पत्र लिहिलंत. त्यातला तुमचा राग थोडक्यात असा: लेखाचं नाव 'रस्ते आणि कलादालनं', आणि आत सगळा रस्ताच. वर्ध्याजवळच्या पवनारला, विनोबांच्या आश्रमात असलेल्या शिल्पांना जेमतेम चार ओळी, त्यातही आश्रमाला 'ओपन एअर गॅलरी' म्हटलंय. चिखलदऱ्याचा घाट तर थेट कॅलेंडरवरून उतरवलेला.

घाटाचं कबूल. 'हिरवा शालू' लिहिताना हात अडखळला होता, तरी लिहिलं. खरं तर त्या दिवशी धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, कुठला शालू! परतवाड्याहून घटांगमार्गे चढताना गाडी बाजूला घेऊन आम्ही अर्धा तास नुसते उभे होतो. सागाला फुलोरा आलेला. भाच्यानं एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं, तर हात लाल. तोच पंजा त्यानं गाडीच्या पांढऱ्या दारावर उमटवला आणि भुरभुर पावसात तो बोटाबोटानं ओघळत गेला. खाली सेमाडोहला सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागच. हे लिहायचं सोडून मी शालू नेसवत बसले.

पण रस्ता कापा म्हणता, ते काही पटत नाही. शाळेत असताना सहल नागपूरच्या अजब बंगल्यात गेली होती. १८६३ सालचं संग्रहालय, पाहायला काय कमी असणार? पण बस परतीला लागायची होती. रांग मोडू नका, हात लावू नका, पुढं सरका. निबंधात मी डब्यातल्या पुऱ्यांवरच जास्त लिहिलं. संग्रहालयाचा त्यात काही दोष नाही.

पवनारला पोचायलाच आम्हाला दुपार झाली. तळेगावला हायवे सोडून आर्वीकडे वळलो. पऱ्हाटी फुटलेली, वावरावावरात बायका वेचणीला, आणि पुढ्यात कापसानं शिगोशीग भरलेली बैलबंडी. ओव्हरटेकला जागा नाही. आई आर्वीपर्यंत घरातलं सगळं बोलून मोकळी झाली, मग गप्प बसली. पवनारला धाम नदीच्या काठी उतरलो तेव्हा कोणालाच कसली घाई उरली नव्हती. भरत-राम भेटीच्या शिल्पासमोर ती पदर सावरून कितीतरी वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "यातला राम कोन्ता हाय वं?"

मी हसले. हसायला नको होतं, हे नंतर कळलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी याच भेटीचं चित्र डोळ्यांपुढं आणलं होतं: चौदा वर्षांनी भेटणारे दोघं इतके सारखे दिसतील की वनातून आलेला कोणता, ते ओळखू येणार नाही. पुढं ते पवनारला राहायला आले आणि तिथं जमीन खणताना नेमकं हेच शिल्प निघालं, वाकाटक काळातलं. आईनं यातलं काही वाचलेलं नाही. ती फक्त पाहत होती. बंडीमागं तासभर रेंगाळलो नसतो तर तिनं पाहिलंच असतं, असं मला छातीठोक सांगता येत नाही, पण वाटतं तसं.

'गॅलरी'बद्दल मात्र माझी चूकच. १९५९ पासून तिथं ब्रह्मविद्या मंदिर आहे, साधना करणाऱ्या बायकांचं राहतं घर. कोणाच्या घरी जाऊन भिंतीवरच्या देवांना 'कलेक्शन छान आहे' म्हणावं, तसं झालं ते. शब्द काढलाय. शिल्पांच्या चार ओळी होत्या, तिथं आता आईचा प्रश्न घातलाय. बंडीही ठेवलीय, ती जाणार नाही.

एक विचारू? दर वर्षी पोरांना स्केचिंगला पवनारला नेत होतो, असं तुम्ही लिहिलंय. आईला मी आपलं ठोकून एक उत्तर दिलं होतं, ते तिला पटलेलं नाही. परवा फोनवर पुन्हा विचारत होती. त्यातला राम कोणता, कशावरून ओळखायचा?