अँबॅसिडरचा फिल्टरचा डबा काढू नका

जुन्या अँबॅसिडरवाल्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. कार्बोरेटरवरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरचा) एअर फिल्टरचा पत्र्याचा डबा काढून टाका, तिथे उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवा. इंजिन मोकळा श्वास घेईल, पॉवर १० ते १५ टक्के वाढेल, ॲव्हरेज सुधारेल, आणि फिल्टर धुऊन जन्मभर वापरता येईल. १४८९ सीसीच्या, बीएमसी बी-सिरीज इंजिनाच्या गाड्यांना हा सल्ला लागू पडत नाही. तो ऐकून चांगली इंजिनं खराब होतात, म्हणून एकेक दावा तपासून बघू.

डब्यामुळे श्वास कोंडतो, हा पहिला दावा. ४२०० आरपीएमला सिलिंडर ८० टक्के भरतात असं धरलं, तर हे इंजिन मिनिटाला साधारण २५०० लिटर हवा ओढतं. त्या वेळी फिल्टर १५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब अडवतो असं समजू. पाऱ्यात मोजलं तर हे ११ मिलिमीटर झाले. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर, म्हणजे तोटा दीड टक्का. फिल्टर समूळ काढून फेकला तरी पन्नासेक हॉर्सपॉवरमागे एकसुद्धा वाढणार नाही, आणि तीही पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच. मग १५ टक्के येणार कुठून?

हवा अडते ती हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात. या हेडला चार सिलिंडरना मिळून इनलेटची भोकं दोनच आहेत. पहिला-दुसरा सिलिंडर एकातून हवा घेतो, तिसरा-चौथा दुसऱ्यातून. १९५५ साली इंग्लंडमध्ये आलेल्या एमजीए गाडीत याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि ते ७० हॉर्सपॉवरच्या आसपास जायचं. ती ताकद दोन एसयू कार्बोरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि सुधारलेल्या हेडमधून आली. त्या कार्बोरेटरांवरही फिल्टर होतेच.

कोन बसवल्यावर गाडी पळायला लागल्यासारखी वाटते, कारण आवाज वाढतो. डबा हवा ओढण्याचा घोगरा आवाज दाबतो, तो गेला की प्रत्येक ॲक्सिलरेटरला इंजिन गुरगुरतं. पिकअप वाढला की नाही ते घड्याळ लावून बघा.

शिवाय या इंजिनात इनलेट आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. उघडा कोन एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारचीच तापलेली हवा ओढतो. हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की ती सुमारे ९ टक्के विरळ होते. वाचवायला निघालेला दीड टक्का त्यात केव्हाच बुडतो. डबाही बॉनेटखालचीच हवा घेतो, हे मान्य. पण त्याला तोंड असतं, आणि त्या तोंडाला जाड नळी जोडून ग्रिलमागची थंड हवा आणता येते. नळीचं टोक मात्र पावसाचं पाणी उडणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. माझ्या मते या गाडीत हवेच्या बाजूने करण्यासारखी सगळ्यात चांगली सुधारणा हीच आहे, आणि तिला खर्चही फारसा नाही.

ॲव्हरेजचा दावा तर आणखी कच्चा आहे. ५०-६० च्या वेगाने जाताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, अर्धवट मिटलेलाच असतो. हवा तिथे आपणच अडवलेली असते, त्यापुढे फिल्टरची अडवणूक नगण्य. हां, फिल्टर पार तुंबला असेल तर कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त जाऊ शकतं, विशेषतः फ्लोट चेंबरला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याला) हवा फिल्टरच्या बाहेरून मिळत असेल तेव्हा. पण अनुभव सांगणारे बहुतेकजण तुंबलेला जुना फिल्टर आणि कोरा कोन यांची तुलना करतात. त्याच डब्यात नवा फिल्टर टाकला असता तरी तेवढाच फरक पडला असता. उलट कोनामुळे मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होण्याची भीती असते. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते आधीच लीन झालेलं आहे.

आता धुऊन वापरायच्या फिल्टरविषयी, कारण खरं नुकसान इथे होतं. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. लिटरला १० किलोमीटर धरले तर १००० किलोमीटरला ९०० घनमीटर. धुळीच्या रस्त्यावर घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरली, तर जवळजवळ एक ग्रॅम धूळ इंजिनाच्या दारात येते. त्या धुळीतली वाळू बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) लोखंडापेक्षा कठीण असते. रिंग आणि बोअर यांच्यामध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचा, आणि त्याच मापाचे कण सगळ्यात जास्त घासतात. चांगला पेपर फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. स्वस्त जाळीच्या कोनावर असा आकडा छापलेला तरी असतो का, ते बघा. तेल लावायचा कापडी कोन चांगल्या प्रतीचा असला तरी तेल कमी पडलं की धूळ सोडतो. मग गाडी धूर मारते, ऑइल खाते, आणि खर्च थेट बोअरिंगवर जातो.

रॉकर कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) डब्याकडे येणारी, इंजिनातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी कोन बसवताना बहुधा लोंबकळत सोडतात. मग तेलाची वाफ बॉनेटखाली पसरते, आणि कधी त्याच वाटेने न गाळलेली धूळ आत जाते. कार्बोरेटरमधून उलटा भडका आला तर डबा तो आत कोंडतो. तेलाने भिजलेल्या उघड्या कापडाचा तेवढा भरवसा नाही.

एक बदल मात्र मी करायला सांगेन. गाडीवर अजून ऑइल बाथ, म्हणजे धूळ तेलात अडकवणारा जुना फिल्टर असेल तर त्याच डब्यात नीट बसणारा पेपर फिल्टर घाला. ऑइल बाथ हवा जोरात असताना चांगलं काम करतो, मंद चालीला त्याची पकड सुटते, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी बहुतेक वेळ मंदच असते. फिल्टरच्या कडेचं रबर आणि डब्याखालचं गॅस्केट नवं टाका. थ्रॉटलचा दांडा हलत असेल तर त्याची बुशं बदला, कारण तिथून फिल्टर चुकवून हवा शिरते.

तरीही शंका असेल तर पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून पट्टीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि तिचं एक टोक फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये जोडा, दुसरं उघडं ठेवा. कात्रजचा जुना घाट पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढताना शेजारी बसलेल्याला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायला सांगा. तो १५० मिलिमीटरच्या आत असेल तर फिल्टरला हात लावू नका, पैसे कार्बोरेटरच्या सर्व्हिसिंगला ठेवा.