कुर्यात सदा अंधारम्

भाच्याची मुंज ठरली तेव्हा ताईने फोटोग्राफरचा खर्च एका वाक्यात उडवला. "मामा आहे की!" मामाकडे कॅमेरा होता, कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवायचा वेगळा फ्लॅश होता आणि ताईला नाही म्हणायची टाप नव्हती.

मुंज रत्नागिरीच्या जुन्या घरात. आदल्या दिवशी ओटीवर बायका घाणा भरत होत्या, त्यांचा पहिला फोटो काढला. पिठाची पिंपं अंगावर उपडी व्हावीत तशा सगळ्या पांढऱ्याफटक. दुसरा काढला. त्याच बायका, तीच जागा, तेच सेटिंग, आणि फोटोत लोडशेडिंग. मी स्क्रीनवर अंगठा ठेवून म्हटलं, "छान आलाय."

मग सल्ले सुरू झाले. काका म्हणाले, सेल बदल. भावोजी म्हणाले, आयएसओ वाढव. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ते ठरवणारा आकडा, हे त्यांना माहीत नव्हतं, पण आवाजात अधिकार होता. एक चुलतभाऊ म्हणाला, "दादा, फ्लॅश सरळ नको, छताला मार. उजेड मऊ पडतो." हे खरंच आहे. पुण्यातल्या फ्लॅटच्या पांढऱ्या, हाताशी आलेल्या छतावर फार सुरेख जमतं. इथे वर कौलं आणि चार पिढ्यांच्या धुराने काळवंडलेले वासे. उजेड वर गेला तो गेलाच. माळ्यावरचं मांजर तेवढं दचकून खाली आलं.

मी एव्हाना सेल सोडून सगळ्याच गोष्टी एकदम बदलून बसलो होतो, त्यामुळे नेमकं कशाने काय बिघडतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मुंजीच्या दिवशी भटजींनी शुभ्र धोतर-उपरणं नेसून माझा घात केला. या फ्लॅशचं असं असतं की खऱ्या चमकेच्या आधी तो एक बारीकशी चमक मारून समोरून किती उजेड परत येतो ते मोजून घेतो. आणि मोजणारा कॅमेरा पक्का सरकारी: जग सरासरी करड्या रंगाचं, पडलेल्या उजेडातला 18 टक्के परत पाठवणारं, असं धरूनच चालतो. समोर धोतर, घासलेलं ताम्हण आणि बटूचं तुळतुळीत डोकं दिसल्यावर त्याला वाटलं, अबब, केवढा हा उजेड! त्याने हात आखडता घेतला. मातृभोजनाला ताई काळ्या चंद्रकळेत बसली तेव्हा तोच उदार झाला आणि तिचा चेहरा साबुदाण्यासारखा उमटला. धोतरासाठी उजेड एक घर वर आणि चंद्रकळेसाठी एक घर खाली करायची सोय फ्लॅशवर असते. ती मला घरी आल्यावर आठवली.

पण खरी फजिती मंगलाष्टकांना. प्रत्येक "सावधान"ला मी एक चमक उडवत होतो. चार पेन्सिल सेलांच्या जोरावर आतल्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवायच्या टाकीला, 300 व्होल्टच्या आसपास चढायचं असतं. त्याला दम घ्यायला काही सेकंद लागतात, आणि मागचा तांबडा दिवा लागला म्हणजे टाकी काठोकाठ भरली असंही नाही. शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या आणि फ्लॅश कसाबसा मिणमिणला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे माझ्या नाकासमोरच्या चार अक्षता नक्षत्रांसारख्या झळकल्या, आणि त्यामागे ज्याची मुंज तो बटू, त्याचे वडील, सगळं आकाश.

पुण्यात परतल्यावर मी चौकशी समिती नेमली. बायकोने मॉडेल व्हायला साफ नकार दिला, म्हणून मुंजीतला उरलेला नारळ टेबलावर ठेवला. ना पांढरा ना काळा, हलत नाही, "माझा दंड जाड आलाय" म्हणत नाही. फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे ताकद आपणच ठरवायची, ती एक-अष्टमांश: दहा फोटो, दहाही सारखे. पूर्ण ताकदीवर: तिसऱ्यापासून नारळ मावळायला लागला. सेल काढून पाहिले तर दोन रिचार्जचे आणि दोन भलतेच, मळकट. "भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. घड्याळ अर्थात उत्तम चालू होतं.

हा अंधाराचा निकाल लागला. पांढरेपण उरलं होतं. स्वयंचलितवर टाकलं की मधूनच नारळाचा भडका. शेवटी फ्लॅश उतरवून खालचा पाय भिंगाखाली धरला. मधली मोठी टाचणी "उडव" एवढंच सांगते. किती उडवायचं हा निरोप बाजूच्या बारक्या टाचण्यांतून जातो. त्यांतल्या दोघींवर हिरवट बुरशीसारखा थर. निरोप पोचेना, म्हणून फ्लॅश आपला सगळी ताकद लावून मोकळा होत होता. सेल काढून ठेवले, मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, हलक्या हाताने टाचण्या घासल्या, कोरड्या फडक्याने कण टिपले आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर शेवटपर्यंत सरकवून चक्री आवळली. नवे सेल, पुन्हा दहा फोटो. एकेक शेंडी मोजून घ्यावी असा नारळ.

तेवढ्यात ताईचा फोन. "अल्बमच्या पहिल्या पानावर एक मोठा फोटो लावायचाय. सगळ्यात चांगला कुठला आलाय रे?"

"नारळाचा," मी म्हणालो.